न गोठणारं मीठ

केर्त्तू बाटली उलटी करते आणि थांबते.
आतला बुडबुडा वर निघालाय,
मधातून वाट काढावी तसा, रमतगमत.
"हे मीठ आहे," ती ओस्सीला सांगते.
ओस्सी हसतो. त्याला वाटतं, नवा म्हणून थट्टा चाललीय.

मीठच आहे.
फक्त त्यातला एक आयन इतका अघळपघळ,
इतक्या लांब हातापायांचा,
की ओळीत बसवला तर शेजाऱ्याच्या अंगावर तंगड्या टाकतो.
ओळ नाही म्हणून खडा नाही,
खडा नाही म्हणून ते नुसतं वाहत राहतं.
वाफ नाही, वास जवळपास नाही.
मागच्या शेडमध्ये काल उणे बावीस होतं,
तरी गोठलं नाही. जरा हट्टी झालं, इतकंच.

कोक्कोलात रात्रपाळी. आखातावर बर्फ.
पिंपात मेलेल्या बॅटऱ्यांची काळी भुकटी
ॲसिडमध्ये विरघळून पडलेली:
कुणाचा फोन, कुणाची सायकल, कुणाचं ड्रिल,
आता कुणाचंच काही नाही.
त्यात निकेल आणि कोबाल्ट,
सारणीतले सख्खे शेजारी.
त्यांना वेगळं करायचं म्हणजे
जुळ्यांना पाठमोरं ओळखायचं.

ओस्सी नरसाळं जोर लावून हलवतो.
वरचं मीठ, खालचं ॲसिड, सगळं दुधाळ.
"लोणी काढायचंय का?" केर्त्तू म्हणते,
आणि नरसाळं कड्यात अडकवून स्टूल ओढते.

आता काही करायचं नाही.
हेच त्याला जड जातं.

ती खिशातून काळी खारट गोळी काढते, एक त्यालाही देते.
तो तोंड वाकडं करतो, थुंकत नाही.
मग ती होडीच्या खोपीचं सांगते.
वडिलांनी बांधली तेव्हा दाराशी लाटा यायच्या.
इथली जमीन अजून वर येतेय,
हिमयुगाचं ओझं उतरल्यापासून,
वर्षाला नखाच्या रुंदीएवढी.
खोपी आहे तिथेच आहे, दार पाण्याकडेच आहे,
मधे बर्चची झाडी.
"कुणी ओढून नेलं नाही समुद्राला," ती म्हणते.
पुढे काहीतरी म्हणणार असते, म्हणत नाही.

चाळीस मिनिटं.
मग दुधातून एक रेघ निवळते.

तळ्यात की मळ्यात?
कोबाल्टनं चार क्लोराइड कवटाळले
आणि ते वर गेलं, मिठात,
गडद निळं, शाईची दौत लवंडल्यासारखं.
निकेलला ती मिठी जमली नाही.
ते खाली पाण्याला धरून राहिलं, हिरवं, मुकाट.
ओस्सी स्टुलावरून उठून उभा राहतो.
फोटो काढायचं त्याच्या लक्षातच येत नाही.

मग निळ्यावर साधं पाणी.
पुन्हा हलवणं, या वेळी हलक्या हातानं.
कोबाल्ट मिठी सोडतं, पाण्यात उतरतं,
आणि उतरता उतरता गुलाबी होतं.
मीठ रिकामं. पुढच्या पाळीला तयार.

बाराव्या फेरीनंतर केर्त्तू ते काट्यावर ठेवते.
पाचशे ग्रॅम होतं, आज चारशे अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक.
दरवेळी थोडं पाण्याबरोबर निसटतं, डोळ्यांना दिसत नाही.
मंगळवारी पाहुणे यायचेत,
त्यांच्यासाठी छापलेल्या कागदावर
'घट' या शब्दासमोर शून्य आहे,
आणि शून्याभोवती एक हिरवं पान.

"वर तर शून्यच सांगितलंय," ओस्सी हळूच म्हणतो.

ती वही ओढते. पेनाची शाई थंडीनं आखडलेली,
दोनदा घासावं लागतं.
एक पूर्णांक नऊ.
खाली तारीख, वेळ चार वाजून दहा, पूर्ण सही,
पालोसारीतला शेवटचा ईकारसुद्धा न गिळता.
रात्रभर मिठाला जागलेली बाई
मग डोळे चोळते, दुसरी गोळी तोंडात टाकते.

उजाडायला अजून सहा तास आहेत.
नरसाळ्याच्या तळाशी, तोटीपाशी, एक थेंब अडून बसलाय.
ओस्सी त्याला टिचकी मारायला बोट उचलतो,
आणि मागे घेतो.